निबंध सादर करावा कुणापुढे? डहाणूच्या नावेपासून संगणक-परिषदेपर्यंत

(वाणगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकून काही जणांनी मला दारातच विचारलं, "सर, तुमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, संगणकाच्या परिषदेबद्दल तुम्ही काय सांगणार?" प्रश्न रास्त आहे. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. मोबाईलवर तिकीट काढायलासुद्धा नातवाला हाक मारतो. पण हा विषय मी निवडला नाही, तो माझ्याकडे चालत आला.

दोन महिन्यांपूर्वी इथलीच एक मुलगी घरी आली. वडील मिरची लावतात. ही शिकते संगणकशास्त्र, शेवटच्या वर्षाला. मिरचीचे भाव, तोडणीचे दिवस, गाडीची वेळ हे सगळं एकत्र ठेवणारी एक माहिती प्रणाली तिने बनवली आहे. वडील आणि शेजारचे काही शेतकरी ती वापरतात. त्यावर तिने निबंध लिहिला आणि एका "आंतरराष्ट्रीय परिषदे"ला पाठवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: अभिनंदन, निबंध स्वीकारला, अमुक हजार रुपये भरा. तिने मला विचारलं, "सर, तीन दिवसांत त्यांनी वाचला असेल का?"

मंडळी, या प्रश्नाला मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. म्हटलं, थोडा वेळ दे. निबंध पाठवायचा म्हणजे नक्की काय करायचं, कुणापुढे करायचं, आणि समोरच्याने काय करायचं, याला मोठा इतिहास आहे. तो इतिहास या आपल्या रेल्वेलाईनवरून गेलेला आहे. तो आज सांगतो, आणि शेवटी तिला दिलेलं उत्तरही सांगतो.

'सादर' या शब्दापासून सुरुवात

इंग्रजीत निबंध 'सबमिट' करतात. त्या शब्दाचा दुसरा अर्थ शरण जाणं, मान तुकवणं. आपण मराठीत 'सादर' करतो. सादर म्हणजे आदरासह. मान तुकवणं वेगळं आणि आदराने पुढे ठेवणं वेगळं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आपल्या न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. 'वाद' या शब्दाची आपण आज भांडण अशी दुर्दशा केली आहे, पण मूळ अर्थ उलटा आहे. सत्य शोधण्यासाठी दोघांनी प्रमाणं आणि तर्क घेऊन बसणं, तो वाद. जिंकण्यासाठी वाटेल ते करणं, तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडून काढणं, ती वितंडा. आज निबंधाचं परीक्षण होतं, तेव्हा या तिघांपैकी काहीही होऊ शकतं.

मराठीपुरतं बोलायचं तर आपल्या गद्याचा आरंभच एका परीक्षणाने झाला आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं, त्यांच्याकडे जाऊन विचारलं. आणि जमवलेलं नागदेवाचार्यांपुढे ठेवून तपासून घेतलं. त्यातून 'लीळाचरित्र' झालं. पुढे मूळ प्रत धामधुमीत गेली आणि ग्रंथ लोकांच्या स्मरणातून पुन्हा उभा राहिला, म्हणून त्याचे पाठभेद आहेत. पण पद्धत बघा. साक्षीदार गाठायचा, टिपायचं, जाणत्यापुढे ठेवायचं. यापेक्षा वेगळं आज तरी काय करतात?

लंडनला गेलेला निबंध आणि त्यातलं डहाणू

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. १८७३ साली पॅरिसला प्राच्यविद्येच्या अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दुसरी १८७४ साली लंडनला. तिला रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना बोलावणं होतं. ते जाऊ शकले नाहीत. पण निबंध गेला, आणि परिषदेच्या वृत्तान्तात छापला गेला. माणूस इथे, निबंध तिथे. आजच्या भाषेत म्हणायचं तर 'ऑनलाईन सहभाग'च की हा!

निबंधाचा विषय काय होता? नाशिकच्या लेण्यांमधले शिलालेख. तेच आपले पांडवलेणं. तिथे नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने केलेल्या दानांची त्यात यादी आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्या. शूर्पारक म्हणजे आपलं सोपारा. पुढे म्हटलं आहे की, काही नद्यांवर लोकांना फुकट उतरून जाता यावं म्हणून नावांची सोय केली. त्या नद्यांची नावं ऐका: इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डाहनुका.

डाहनुका! म्हणजे इथून पुढचं स्टेशन. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी डहाणूच्या खाडीवर कुणीतरी फुकट नाव चालवली, त्याची नोंद नाशिकच्या दगडावर झाली, आणि त्या लेण्यांचा अभ्यास १८७४ साली एक मराठी माणूस लंडनच्या परिषदेपुढे मांडतो. आपल्याला वाटतं आंतरराष्ट्रीय परिषद म्हणजे आपल्या गावाशी संबंध नसलेलं काहीतरी. तसं नसतं.

भांडारकर पुढे १८८६ साली व्हिएन्नाच्या परिषदेला स्वतः गेले. १९१९ च्या नोव्हेंबरात पुण्यात पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली, तिचे अध्यक्ष तेच. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात आपण परक्यांच्या परिषदेला निबंध पाठवण्यापासून आपली परिषद भरवण्यापर्यंत आलो. पंचेचाळीस वर्षं लागली.

इंग्रजी न लिहिणारा संशोधक

दुसरी गोष्ट नालासोपाऱ्याची. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचं 'बुरूडराजाचा कोट' म्हणतात ते टेकाड उकरलं. आत विटांचा स्तूप, त्यात दगडी करंडक, करंडकात एकात एक ठेवलेल्या डब्या आणि भोवती बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती. त्याच वर्षी त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यात मिळाला. यावरचा त्यांचा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आला.

भगवानलाल जुनागढचे. विद्यापीठाची पदवी नाही. निबंध गुजरातीत लिहायचे आणि इंग्रजी जाणणारे विद्वान त्यांचं भाषांतर करायचे. तरी लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. त्या काळच्या परीक्षकांनी भाषा बाजूला ठेवून आत काय आहे ते पाहिलं.

त्याआधी बरीच वर्षं ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी देशभर हिंडून शिलालेखांच्या नकला आणत होते. त्या नकलांच्या आधारावर निबंध भाऊ दाजींच्या नावाने वाचले जात. भाऊ दाजी थोर होते यात शंका नाही. ते खर्च करत होते, दिशा देत होते. पण निबंधावर नाव कुणाचं असावं, उन्हात फिरणाऱ्याचं की खोलीत अर्थ लावणाऱ्याचं, हा प्रश्न आपल्याकडे तेव्हापासून आहे. आज प्रयोगशाळेत मुलं राबतात आणि पहिलं नाव साहेबांचं लागतं, तेव्हा मला भगवानलाल आठवतात.

परीक्षक कुठून आला?

युरोपात १६६५ साली हेन्री ओल्डनबर्ग यांनी रॉयल सोसायटीचं नियतकालिक सुरू केलं. तेव्हा काय छापायचं हे बहुतांशी तेच ठरवत. बाहेरच्या दोन जाणकारांकडून लेखी मत मागवायची कल्पना त्या सोसायटीत १८३१ च्या सुमारास विल्यम व्ह्यूएल यांनी मांडली. गंमत अशी की पहिल्याच निबंधावर व्ह्यूएल आणि दुसरे परीक्षक लबक यांचं एकमत होईना! एकाला मोठी कल्पना दिसत होती, दुसऱ्याला आकडेमोडीतल्या उणिवा. म्हणजे परीक्षण जन्मलं तेच मतभेद घेऊन.

आणि परीक्षण नकोसं वाटणारे फक्त आपणच नाही. १९३६ साली आइन्स्टाईन आणि रोझेन यांनी गुरुत्वीय लहरींवर अमेरिकेतल्या 'फिजिकल रिव्ह्यू'ला निबंध पाठवला. संपादकांनी तो परीक्षकाकडे दिला आणि टीका परत पाठवली. आइन्स्टाईन संतापले: मी छापायला दिला होता, दुसऱ्यांना दाखवायला नव्हे! निबंध काढून घेतला. पुढे तो दुसरीकडे छापला, पण निष्कर्ष बदलून. कारण चूक खरोखरच होती. परीक्षक बरोबर होता. आइन्स्टाईनलासुद्धा परीक्षकाची गरज पडते, हे मी वर्गात चाळीस वर्षं सांगत आलो.

संगणकवाल्यांची वेगळी चाल

आता संगणकाकडे वळू. बहुतेक शास्त्रांत निबंध नियतकालिकात येतो, परिषदेत नुसतं बोलणं होतं. संगणकशास्त्रात मात्र परिषदेत स्वीकारला गेलेला निबंध हाच मानाचा. कारण सरळ आहे. विद्या तरुण, वेग प्रचंड. नियतकालिकात दोन वर्षं वाट बघेपर्यंत विषयच जुना होतो.

उदाहरण घ्या. १९७५ साली अमेरिकेत फ्रेमिंगहॅम इथे प्रचंड विदासाठ्यांवरची पहिली परिषद भरली. व्हीएलडीबी म्हणतात ती हीच. तिथे पीटर चेन यांनी एक कल्पना मांडली: जगातल्या वस्तू आणि त्यांच्यातले संबंध यांची आकृती काढा, मग साठा बांधा. विस्तृत निबंध १९७६ साली छापून आला. संगणक शिकणाऱ्या मुलांनो, तुम्ही परीक्षेत पाच मार्कांसाठी जी ई-आर आकृती काढता, ती इथून आली. मला ती पाहिल्यावर वैशेषिक दर्शन आठवलं. पदार्थ कोणते, गुण कोणते, संबंध कोणता, हाच तर कणादांचा उद्योग होता!

माहिती प्रणाली बांधायची कशी, यावरची कायसे नावाची परिषद १९८९ साली स्टॉकहोमला सुरू झाली आणि दरवर्षी भरते. आणि मुंबई? १९९६ च्या सप्टेंबरमध्ये ३ ते ६ तारखांना ती व्हीएलडीबीची बाविसावी परिषद मुंबईत भरली. शहराचं नाव नुकतंच अधिकृतपणे बदललं होतं, म्हणून नोंदीत 'मुंबई (बॉम्बे)' असं दोन्ही आहे. वृत्तान्ताच्या संपादकांत पवईच्या आयआयटीचे प्रा. एन. एल. सारडा होते. भांडारकर १८७४ ला जाऊ शकले नव्हते. १९९६ ला जग इथे आलं.

आता निबंध जातो कसा, ते थोडक्यात. परिषद आवाहन काढते: विषय कोणते, पानं किती, मुदत कधी. आधी सारांश, मग पूर्ण निबंध. मुदतीची गंमत ऐका. "पृथ्वीवर कुठेही" असं लिहिलेलं असतं. म्हणजे जगाच्या शेवटच्या टोकाला तारीख बदलेपर्यंत. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशीची संध्याकाळचे साडेपाच वाजत आलेले असतात. वाणगावात रात्री लाईट गेली तरी सकाळ हातात असते! पुष्कळ परिषदांत लेखकाचं नाव झाकलेलं असतं. सहसा तीन परीक्षक वाचतात, गुण देतात, कारणं लिहितात, आपसांत चर्चा करतात. यात आठवडे, कधी महिने जातात. नाकारलं तरी कारणांचा कागद हातात येतो. माझ्या मते तो कागद हीच खरी फी-वसूल गोष्ट आहे.

हे न्यायालय नाही

पण ही पद्धत अचूक आहे असं समजू नका. टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाईड वेबवरचा निबंध १९९१ च्या हायपरटेक्स्ट परिषदेला पाठवला, तो नाकारला गेला. मग त्यांनी तिथे नुसतं प्रात्यक्षिक दाखवलं. ज्या वेबवरून आज तुम्ही हे व्याख्यान वाचणार, तिचा निबंध नापास!

२०१४ साली यंत्रशिक्षणाच्या निप्स या मोठ्या परिषदेने स्वतःचीच परीक्षा घेतली. १६६ निबंध दोन स्वतंत्र समित्यांना दिले. सुमारे चौथ्या हिश्शाच्या निबंधांवर दोन्ही समित्यांचे निर्णय वेगळे आले. एका समितीने घेतलेल्यांतले निम्म्याहून अधिक दुसरीने नाकारले होते. म्हणजे फार चांगलं आणि फार वाईट ओळखता येतं, मधल्यांचं नशीब. हे त्यांनी जाहीर केलं, याचं मला कौतुक वाटतं. आपली चूक मोजून सांगणारी संस्था विरळाच.

दुसरं टोक २००५ चं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला, जो अर्थहीन वाक्यं जोडून संगणकशास्त्राचा 'निबंध' तयार करतो. तसा एक निबंध एका परिषदेने स्वीकारला. लोक हसले. पण २०१४ साली उघड झालं की असे यंत्राने बनवलेले १२० हून अधिक निबंध नामांकित प्रकाशकांच्या परिषद-वृत्तान्तांत येऊन बसले होते. ते काढून टाकावे लागले. वाचायला कुणी बसलंच नव्हतं.

आपल्याकडे याला नोकरीची जोड मिळाली. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्राध्यापकांच्या निबंधांना गुण लावले. हेतू चांगला होता. पण गुण मोजायला लागलं की माणसं गुणच पिकवतात. निबंध छापून देणारी दुकानं उघडली. मग आयोगाने २०१८ मध्ये विश्वासार्ह नियतकालिकांच्या 'केअर' यादीची घोषणा केली आणि २०२५ मध्ये ती यादीही थांबवली. यादीने विवेक येत नाही, मंडळी. विवेक वाचण्याने येतो.

माझी एक चूक

इथे मला एक कबुली द्यायची आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका नियतकालिकासाठी निबंध तपासत असे. एका आडगावच्या महाविद्यालयातून एक निबंध आला होता. इंग्रजी कच्चं होतं, क्रियापदं चुकलेली. मी दुसऱ्या पानावर थांबलो आणि तीन ओळींत लिहून टाकलं, भाषा प्रकाशनयोग्य नाही. पुढे काही वर्षांनी त्याच प्रश्नावर परदेशातला एक लेख वाचला, तेव्हा जाणवलं की त्या निबंधातला मुद्दा बऱ्याच अंशी हाच होता. मी शोधायचा प्रयत्न केला. निबंध मिळाला नाही, नावही आठवेना. नाव झाकलेलं नव्हतं, मीच लक्षात ठेवलं नव्हतं.

मी केलं ती वितंडासुद्धा नव्हती. वितंडेला निदान समोरच्याचं ऐकावं तरी लागतं. भगवानलालांच्या गुजरातीमागचा स्तूप ज्यांना दिसला, त्यांच्यापेक्षा मी शंभर वर्षं मागे होतो. म्हणून ते 'तीन दिवसांत वाचला असेल का?' ऐकलं, तेव्हा मला टोचलं. न वाचता 'हो' म्हणणारा आणि न वाचता 'नाही' म्हणणारा, दोघे एकाच जातीचे. पहिला पैसे घेतो, दुसरा माणसाची उमेद घेतो.

मुलीला दिलेलं उत्तर

मी तिला म्हटलं, बाळा, फी मागितली म्हणून परिषद खोटी ठरत नाही. चांगल्या परिषदाही निबंध स्वीकारल्यावर नोंदणी शुल्क घेतात. तू चार गोष्टी बघ. समितीत ज्यांची नावं आहेत, त्यांतल्या एकाला लिहून विचार की आपण खरंच आहात का. मागच्या वर्षांचे निबंध काढून दोन वाच. विषयांची यादी बघ. संगणक, आयुर्वेद आणि वाणिज्य एकाच दिवशी एकाच हॉलमध्ये असेल तर सावध हो. आणि मुख्य म्हणजे परीक्षकांची टिपणं माग.

तिने टिपणं मागितली. उत्तर आलं ते फक्त खात्याच्या क्रमांकाचं.

तिने पैसे भरले नाहीत. हे सोपं नव्हतं हो. प्रमाणपत्र जोडलं तर प्रकल्पाला गुण मिळणार होते, आणि वर्गातल्या काहींनी भरलेही. तिच्या आईने मला विचारलं, "सर, पोरीचं नुकसान तर नाही ना होणार?" मी म्हटलं, थोडं होईल. खोटं कशाला बोलू?

मग आम्ही तो निबंध एकत्र वाचला. मला तंत्र कळत नाही, पण प्रश्न विचारता येतात. तुझ्याआधी हे कुणी केलं? तू काय नवं केलंस? शेतकऱ्याने तुझी प्रणाली वापरल्यावर त्याचा कोणता निर्णय बदलला, आणि तो प्रणालीमुळेच बदलला हे कशावरून? शेवटच्या प्रश्नावर ती गप्प झाली. पंधरा दिवसांनी वही घेऊन आली. शेतकऱ्यांकडे जाऊन विचारून टिपलेलं होतं. दोघांनी सांगितलं होतं, "ताई, आम्ही बघतो, पण व्यापाऱ्याला फोन करूनच ठरवतो." ते तिने निबंधात जसंच्या तसं घातलं. मी म्हटलं, आता हा निबंध झाला. म्हाइंभटांना आवडला असता.

प्रश्नोत्तरांतून

*श्रोता: सर, निबंध नाकारला गेला तर तिने काय करायचं?*

कारणं वाचायची, पहिल्या दिवशी रडायचं, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करायची. आपल्याच भागात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शाळा मुलांच्या अंगणात आणि गुरांच्या कुरणात नेली. आधी मुलं वर्गात येत नव्हती. म्हणजे पहिला प्रस्ताव मुलांनीच नाकारला होता! त्या बायांनी मुलांना दोष दिला नाही, शाळा बदलली. परीक्षक कधी कधी चार वर्षांचं पोर असतं.

तिचा निबंध आता एका खऱ्या परिषदेच्या विद्यार्थी-विभागाकडे गेला आहे. निकाल यायचा आहे. नाकारला गेला तर ती कारणं घेऊन माझ्याकडे येणार, असं ठरलं आहे. स्वीकारला गेला तर मिरच्या घेऊन येणार आहे. माझं वय आणि पोट पाहता पहिलंच बरं, असं घरच्यांचं मत आहे.